रिक्रूटर फोनवर बोलला ते कागदावर कुठंय?

प्रश्न: ताई नमस्कार. मी मूळची मिरजेची, बीएस्सी नर्सिंग करून अमेरिकेत आले, गेली ४ वर्षं डॅलसला एका हॉस्पिटलमध्ये टेलिमेट्रीला (पेशंटच्या हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात तो वॉर्ड) आहे. ज्यांनी ग्रीन कार्ड केलं त्यांच्याबरोबरची कराराची वर्षं आता भरली. मिस्टर आणि मुलगा इथंच राहतील, आणि मी १३ आठवडे कॅलिफोर्नियाला ट्रॅव्हल नर्स म्हणून, म्हणजे एजन्सीमार्फत थोड्या आठवड्यांच्या करारावर, जायचं म्हणतेय. दोन एजन्स्यांच्या ऑफर आल्यात, पहिली आठवड्याला २,२०० डॉलर, ३६ तास, दुसरी २,३५० पण ४८ तास. दुसरीचा रिक्रूटर रोज फोन करतो, फार गोड बोलतो, म्हणतो आज सही केली नाही तर जागा जाईल. घासाघीस मला जमत नाही, नर्सने पैशावरून वाद घालणं बरं दिसतं का?

उत्तर: शेवटचं आधी घेते कारण बाकी सगळं तिथंच अडलंय. बरं दिसतं गं. हॉस्पिटल एजन्सीला तुझ्या तासाचा एक रेट देतं, त्याला बिल रेट म्हणतात, त्यातून एजन्सी स्वतःचा खर्च आणि नफा काढते आणि राहिलेलं तुला देते. म्हणजे तू पेशंटकडून काही काढून घेत नाहीयेस, तुझ्याच राबण्याच्या पैशातला वाटा मागतेयस.

आता हिशोब कर. पहिली ऑफर तासाला साधारण ६१ डॉलर पडते, दुसरी जेमतेम ४९. आठवड्याचा आकडा मोठा दिसावा म्हणून चौथी शिफ्ट घातलीय, आणि ४० च्या वरच्या तासांचा ओव्हरटाइम कशावर काढणार तेही विचार, कारण तुझा टॅक्स लागणारा तासाचा पगार कमी दाखवून बाकीचं घरभाडं-जेवणाचा स्टायपेंड, म्हणजे भत्ता, म्हणून देतात आणि ओव्हरटाइम त्या छोट्या पगारावर लावतात. तू आजारी पडून शिफ्ट चुकली की स्टायपेंड कापायचा असं कलम असेल तर नीट बघ, २०२१ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, फेडरल अपील कोर्टाने (कॅलिफोर्निया त्यांच्याच हद्दीत येतं) असा तासांवर कापला जाणारा भत्ता पगारच धरला आणि तो ओव्हरटाइमच्या हिशोबात घ्यायला लावला.

पण माझ्या मते पहिल्या खेपेला सगळ्यात मोठी गोष्ट रेट नाहीच, गॅरंटीड अवर्स आहे, म्हणजे हॉस्पिटलने शिफ्ट कॅन्सल केली तरी ठरलेल्या तासांचे पैसे मिळण्याची हमी. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला रिक्रूटर म्हणाला होता की तास पक्के आहेत, काळजी नको, मी विश्वास ठेवला, वाचलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात पेशंट कमी झाले आणि मला निघायच्या दोन तास आधी फोन, आज येऊ नका, मग परवा परत तेच. भाडं तीन महिन्यांचं भरून बसलेले, घरी सांगायची लाज वाटायची, रात्री झोप नाही. कागद काढून बघितला तर गॅरंटीचा शब्दच नव्हता. म्हणून तुला कळकळीने सांगते, हॉस्पिटल किती शिफ्ट कॅन्सल करू शकतं आणि त्याचे पैसे मिळणार का, फ्लोट करून, म्हणजे आपलं युनिट सोडून, दुसऱ्या कुठल्या युनिटला पाठवणार, मधेच कॉन्ट्रॅक्ट तुटलं तर घरभाड्याचं काय, हे सगळं सहीच्या आधी लिहून घे. दिवाळीला घरी यायचं असेल तर त्या तारखाही त्यातच टाक, तिकडे गेल्यावर मॅनेजरला विचारू म्हटलं की संपलं.

मॅनेजरचा इंटरव्ह्यू फोनवर होईल तेव्हा तूही विचार, एवढे ट्रॅव्हलर का लागतायत, ओरिएंटेशन किती दिवस. कॅलिफोर्नियात टेलिमेट्रीला एका नर्सकडे जास्तीत जास्त ४ पेशंट हा कायदा आहे, ब्रेकमध्येसुद्धा, तेव्हा ब्रेकला कोण सुटका करतं ते जरूर विचार.

टॅक्सचं थोडक्यात. डॅलसचं घर चालू आहे, त्याचा खर्च तू उचलतेयस आणि तिकडेही भाडं भरतेयस, तरच स्टायपेंडवर टॅक्स नाही. कॅलिफोर्नियात कमावलेल्या पगारावर मात्र तिथला स्टेट टॅक्स लागतो, टेक्सासमध्ये तो नाही, सवय नसते म्हणून सांगितलं. ट्रॅव्हल नर्सेसचं काम करणारा टॅक्सवाला गाठ. आणि लायसन्स! कॅलिफोर्निया कॉम्पॅक्टमध्ये (एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानणाऱ्या राज्यांचा करार) नाही, तुझं टेक्सासचं मल्टिस्टेट लायसन्स असलं तरी तिथं चालणार नाही, वेगळं काढावं लागतं आणि वेळ लागतो, फी एजन्सी परत देते का ते विचार.

एजन्सी निवडताना जॉइंट कमिशनचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था) स्टाफिंगचं सर्टिफिकेट आहे का बघ, हेल्थ इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून आहे का बघ, आणि त्याच एजन्सीकडून गेलेल्या दोन नर्सेसशी बोल. आजच सही कर म्हणणाऱ्याला मी तरी नाही म्हणेन. पहिलीला मेल टाक की गॅरंटीड अवर्सचं कलम आणि लायसन्सची फी घाला, मी २४ तासांत उत्तर देते.

प्रश्न: दोन एजन्स्यांशी एकदम बोललं तर चालतं का? (न्यू जर्सीहून)

उत्तर: बोल की, तीन-चारांशीसुद्धा बोल. फक्त एकाच हॉस्पिटलला दोघांनी तुझी फाइल पाठवता कामा नये, काही ठिकाणी मग दोन्ही फायली बाद करतात. प्रत्येकाला लिहून कळव की मला विचारल्याशिवाय कुठंही सबमिट करू नका, आणि कोणी कुठं पाठवलं ते तारखेसकट वहीत लिहून ठेव.