सातवीच्या वर्गात एकच मोबाईल आहे. मुलांच्या कल्पकतेसाठी तो कसा वापरावा?

स्टॉप-मोशन चित्रफीत करून घ्या, म्हणजे पात्रं थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो सलग दाखवायचे. पाच-सहा मुलांचा गट, मातीची किंवा पुठ्ठ्याची पात्रं. विषय मुलांनाच निवडू द्या. उदाहरणार्थ, नागपुरात काळी-पिवळी मारबत आणि बडगे या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक त्यांच्या डोळ्यांसमोरच असते. सेकंदाला 8 फोटो धरा, म्हणजे 15 सेकंदांना 120. फोन दोन विटांमध्ये घट्ट बसवा आणि विमान मोडवर टाका, नाहीतर कॉल आला की फोन हलतो.

चित्र लुकलुकतं, कारण फोन दर फोटोला उजेड नव्याने मोजतो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, खिडकी झाका, पंखा बंद ठेवा. फोटोंआधी सहा चौकटींत कथा कागदावर काढलेली हवीच, आणि ती शिक्षकांनी सुचवायची नाही.