शेवट हातातून निसटला

प्रश्न : करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेली कादंबरी परत द्यायची म्हणून एका रात्रीत संपवली. मला वाटलं, नायक घरी परतला. मैत्रीण म्हणते, तो वाटेतच गेला. असं कसं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेवट जवळ आला की नजर संवादांवरून पळते आणि वर्णनाचे परिच्छेद गळतात. नेमका तिथेच काळ बदललेला असतो, किंवा ते परतणं नुसतं त्याच्या मनात चाललेलं असतं. शेवटची दोन प्रकरणं पुन्हा वाचा, शक्यतो मोठ्यानं. कोण बघतंय, कधीचं सांगतंय, हे चिठ्ठीवर टिपा; ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन्सिल अजिबात नको. दारात पोचल्यावर त्याच्याशी कुणी बोलतं का, हे आवर्जून तपासा. घाई असेल तर मुदत वाढवून मागा.