वेगात नाक सुटतं, हेअरपिनला नाही

प्रश्न : सर, मी मूळचा पिंपरीचा, नोकरीमुळे कोव्हेंट्रीत असतो. इथल्या मित्रासोबत जुनी सिंगल-सीटर घेऊन प्रेस्कॉटच्या हिलक्लाइंबला, म्हणजे घाटरस्त्यावर एकेकट्याने वर चढायच्या वेळेच्या शर्यतीला उतरतो. यंदा मागे मोठी विंग, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारा पंख, बसवली. पार्डन हेअरपिनला, म्हणजे तिथल्या संथ, अगदी मागे फिरणाऱ्या वळणाला गाडी झकास वळते, पण वर सेमीसर्कल या वेगवान वळणाला स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी पुढची चाकं बाहेरच सरकतात. मित्र म्हणतो, मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) कडक करू. करावा का?

उत्तर : बारला हात लावू नका. सेमीसर्कलला थोडा गुण येईलही, पण पार्डनमधून बाहेर पडताना मागचं आतलं चाक हलकं होऊन जागीच फिरेल. धड चाललेला कोपरा कशाला बिघडवायचा?

पहिला संशय गार टायरांवर घ्यायचा. सुरुवातीला तुम्ही चाकं फिरवून तापवता ती मागची. पुढची गारच राहतात आणि पाऊण मिनिटाच्या धावेत फारशी तापतही नाहीत. पण दोष त्यांचा असता, तर आधी येणाऱ्या पार्डनलाच गाडीने नखरे केले असते. म्हणून टायर तूर्त निर्दोष.

आता विंग. डाउनफोर्स, म्हणजे हवेचा खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की दाब चौपट. समजा तुमची विंग वेगात 60 किलो दाब देते, ती मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, 2.4 मीटर. मग पुढच्या चाकांवरचं साडेबारा किलो वजन ती उचलते. निम्म्या वेगात तीन किलोच, म्हणून हेअरपिनला पत्ता लागत नाही. स्कूटरच्या कॅरियरवर गॅस सिलिंडर बांधला की हँडल कसं हलकं होतं, तसंच हे. त्यात मागच्या स्प्रिंगा मऊ असतील तर शेपूट दबतं, नाक वर होतं आणि पुढच्या विंगचा कोनही कमी होतो.

एवढ्यावर मी विंगला दोषी ठरवणार नाही. पुढचा डँपर (स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) वेगवान वळणात बंप रबरला, म्हणजे त्याची दबण्याची हद्द संपते तिथल्या रबरी ठोकळ्याला टेकत असेल तरी अगदी हीच तक्रार येते, कारण त्या क्षणी पुढची बाजू एकदम कडक होते. बरेच जण इथेच फसतात आणि महागडी विंग बदलत बसतात. फरक ड्रायव्हरला विचारा : स्टिअरिंग वेगासोबत हळूहळू हलकं होत गेलं, की वळणाच्या मध्यात अचानक सुटलं? हळूहळू असेल तर हवा, अचानक असेल तर बहुधा रबर.

डँपरच्या दांड्यावर झिप टाय बांधून तो किती सरकला हे पाहायची जुनी युक्ती आहे, पण इथे ती पुरी पडत नाही. पार्डनला ब्रेक मारतानाही तो सरकतो आणि वर आल्यावर कोणत्या जागी सरकला ते कळत नाही. त्यापेक्षा छोटा कॅमेरा पुढच्या डँपरकडे तोंड करून घट्ट बसवा आणि सेमीसर्कलचे ते दोन-तीन सेकंद सावकाश पाहा. दांडा रबरला टेकला, तर पुढची उंची थोडी वाढवा किंवा स्प्रिंग कडक करा. दांडा बाहेर येत असेल तर नाक उचललं जातंय. अशा वेळी सरावाच्या धावेत मागची विंग कोनाच्या एका भोकाने चपटी करा आणि बाकी काहीही बदलू नका, टायरची हवासुद्धा नाही. दिवसाला मोजक्याच धावा मिळतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही. नाक परत आलं, तर पुढच्या विंगचा कोन वाढवून मागचा दाब परत घ्या.

प्रश्न : अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावरच्या चढाईच्या शर्यतीत गाड्यांना एवढ्या अजस्र विंगा का असतात? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : ती शर्यत 2,862 मीटरवर सुरू होऊन 4,302 मीटरवर संपते. माथ्यावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, त्यामुळे त्याच वेगात त्याच विंगचा दाबही तेवढाच उरतो. पुढचा-मागचा सारख्याच प्रमाणात घटतो, म्हणून तोल फारसा ढळत नाही. एकूण पकड मात्र उतरते. 2018 मध्ये रोमाँ द्युमाने फोक्सवागनच्या विजेवरच्या गाडीने 7 मिनिटं 57.148 सेकंदांत माथा गाठला. विरळ हवेत मोटरची ताकद घटत नाही, विंगची घटते. म्हणून त्या गाडीलाही ती अवाढव्य विंग होतीच.