अश्वगंधाने ताण खरंच कमी होतो का?

थोडाफार होतो, पण गोळी घेतली आणि तासाभरात शांत झालो असं नाही. ताण आला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतं, पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सोडतात. अश्वगंधा ही साखळी जरा सैल करते, असं दिसतं. २०१२ साली भारतात ६४ जणांवर झालेल्या चाचणीत मुळांचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. रक्तातलं कॉर्टिसॉल साधारण २८ टक्क्यांनी उतरलं. चाचणी लहान होती, हे मात्र लक्षात ठेवा.

आजीच्या डब्यातली चूर्णाची पूड (उघडली की तो उग्र, घोड्यासारखा वास, नावच त्यावरून पडलंय) आणि बाजारातला अर्क एकच समजू नका. अर्क बराच तीव्र असतो.

मला खरी काळजी वाटते ती थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांची. अश्वगंधाने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं. तुमची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात घेऊच नका. काहींच्या यकृतालाही त्रास झाला आहे. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.