जुनं कॅरेक्टर परत आणताय? मग आधी हे वाचा

विसरलेलं जुनं कॉमिक्स कॅरेक्टर परत आणायचं म्हणताय? मस्त आयडिया आहे, कराच! फक्त सगळे नवीन लोक करतात ती चूक करू नका, म्हणजे पहिल्याच दिवशी कॉश्च्युम बदलायला बसणं. आधी त्या कॅरेक्टरचे जुने अंक वाचा आणि ते मागे का पडलं हे शोधा. डीसी कॉमिक्सचा ॲनिमल मॅनच बघा ना, १९६५ चा विसरलेला हिरो, १९८८ मध्ये लेखक ग्रँट मॉरिसनने त्याला बायकापोरांचा संसारी माणूस म्हणून पुढे आणला, कॉश्च्युम जवळपास तोच, वर फक्त एक जॅकेट!

स्टाइलचं म्हणाल तर जुन्या काळातले कॉमिक्स चित्रकार जॅक कर्बी ऊर्जा, स्फोट दाखवायला काढायचे ते जाड काळे ठिपके नुसते चिकटवून रेट्रो लुक येत नाही (मीही केलंय हे, हसू नका). सुरुवातीला एवढंच:
- नुसत्या सावलीवरून कॅरेक्टर ओळखू यायला हवं
- मोजके, सपाट रंग
- आठ पानांची एकच गोष्ट, मल्टिव्हर्स (अनेक समांतर विश्वांचा पसारा) नंतर