गॅम्बिटचं प्यादं घेतलं, आता ते धरून बसायचं का?

प्रश्न: सर, मी बुद्धिबळात काळ्याकडून खेळतो तेव्हा समोरचा डी४, डी५ नंतर हमखास सी४ करतो, म्हणजे क्वीन्स गॅम्बिट (पुढच्या फायद्यासाठी प्यादं मुद्दाम देऊ करायची सुरुवात). मी ते प्यादं लगेच मारतो, तो ई३ करतो, मी प्यादं वाचवायला बी५ करतो आणि थोड्याच चालींत माझा घोडा नाहीतर हत्ती जातो. मित्र म्हणतो गॅम्बिट घेऊच नकोस. खरंच घेऊ नये का?
– एक वाचक

उत्तर: घ्या, बिनधास्त घ्या. घोटाळा प्यादं मारण्यात नाहीये, बी५ मध्ये आहे. तुमच्या बी५ वर पांढरा ए४ करणार, मग ए६ ने आधार द्यावा म्हटलं तर त्याने बी५ वर मारल्यावर तुमचं ए चं प्यादं उलट मारू शकत नाही कारण मागे ए८ चा हत्ती उघडा पडतो, आणि सी६ ने आधार दिलात तर तो बी५ वर मारामारी करून वजीर थेट एफ३ ला आणतो, हत्तीवर नेम! घोडा सी६ वर आडवा घातला की वजीर तो शहासकट खातो. एका प्याद्यापायी अख्खा घोडा गेला, हेच होतंय तुमचं.

ते प्यादं परत द्यायचंच असतं हो. पांढऱ्याचा उंट सी४ वर येऊन ते खाईल, खाऊ दे, तेवढ्यात तुम्ही घोडा एफ६, ई६ आणि मग सी५ करून त्याच्या डी४ वर धडक द्या. कॅसलिंग (राजा-हत्तीची किल्लेबंदी) झालं की ए६ आणि बी५, आता तोच बी५ चांगला, कारण उंटाला पळावं लागतं आणि तुमच्या बी७ च्या उंटाला जागा मिळते. मला तर ई३ झाल्या झाल्या सरळ ई५ करणंही फार आवडतं, मधला पट लगेच मोकळा होतो.

किंग्ज गॅम्बिटचं (ई४, ई५ आणि मग पांढऱ्याचं एफ४) मात्र वेगळं, तिथे एफ४ वर मारून आलेलं आपलं प्यादं जी५ ने धरून ठेवायला खरंच अर्थ आहे. १९६० मध्ये अर्जेंटिनात मार देल प्लाता इथे अमेरिकेच्या बॉबी फिशरने तेच केलं आणि सोव्हिएत ग्रँडमास्टर स्पास्कीकडून हरला, पण १९६१ मध्ये त्याने लेख लिहून सांगितलं की आधी डी६ करा, म्हणजे पांढऱ्या घोड्याला ई५ वर उडी मारता येत नाही, आणि जी५ त्यानंतर.