फायबरची होडी पावसाळ्यात कशी ठेवावी?

तुमची अठरा फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन), जागा मुंबईतल्या मढची, आणि प्रश्न असा की परदेशी व्हिडिओंत दाखवतात तसं इंजिनात अँटिफ्रीझ भरायचं का. नाही. तिकडे इंजिनात राहिलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ब्लॉक तडकतो, म्हणून तो खटाटोप. आपल्याकडे जानेवारी म्हणजे ऐन मोसम. आपण होडी वर घेतो ती मेअखेर, आणि तिला जपायचं ते पावसापासून आणि दमटपणापासून. त्या व्हिडिओंतला बराच सल्ला इथे उलटा पडतो.

आधी दिवस ठरवा. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. तुमची होडी हौसेची असली तरी मेच्या शेवटच्या आठवड्यात मढ, भाटी, वेसावे सगळीकडे नौका वर घ्यायची घाई असते, क्रेनवाला फोनसुद्धा उचलत नाही. त्याला आधीच सांगून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण धरा. मुंबईत तेव्हा भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास भरते, होडी बरीच वरपर्यंत तरंगत येते. ठेवायची जागा मात्र आणखी वर हवी. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती येते आणि तिच्यावर लाटा असतात. गेल्या पावसात पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्या एखाद्या जुन्या नाखवाला विचारा.

होडी टेकवली की पहिलं काम तळाचं बूच काढायचं, आणि ते इंजिनाच्या किल्लीला बांधून घरी न्यायचं, म्हणजे ऑगस्टमध्ये ते न लावता होडी पाण्यात जाणार नाही. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वीतभर उंच राहील असे ठोकळे लावा, म्हणजे पाणी मागे उतरून भोकातून जाईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. बूच लावलेल्या उघड्या होडीत तेवढ्याने मीटरभर पाणी साचेल, आणि एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. आधारच मोडतील. ठोकळ्यांखाली जाड फळ्या घाला, नाहीतर भिजलेल्या जमिनीत एक बाजू खचते. लाकूड वाळवी लागलेलं नाही ना, तेही बघा.

झाकण्यात लोक हमखास चुकतात. ताडपत्री होडीला घट्ट गुंडाळली की आत वाफ कोंडते, गाद्यांना बुरशी येते आणि फायबरला फोड येऊ शकतात. कोळीवाड्यात शाकारलेल्या होड्या एकदा जवळून बघून या. मधोमध बांबूचं आढं, दोन्ही बाजूंना घराच्या छपरासारखा उतार, आणि पुढे-मागे वारा खेळेल एवढी फट. दोरी आधाराच्या टेकूंना कधीच बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की टेकू निसटतो. दोरी तळाखालून घेऊन पलीकडे बांधा. गाद्या, लाइफ जॅकेटं, दोर घरी न्या. होडीत मांजर व्यायलं तर हाकलू नका, वायरी कुरतडणारे उंदीर तिकडे फिरकत नाहीत.

पेट्रोलबद्दल तिकडचे लोक टाकी गच्च भरा म्हणतात. मी म्हणेन पूर्ण रिकामी करा. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमकं जिथून नळी तेल ओढते तिथे. ऑइल मिसळलेलं नसेल तर काढलेलं पेट्रोल स्कूटरमध्ये घाला.

इंजिन गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा. कार्ब्युरेटरचं असेल तर इंधनाची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. इंजेक्शनचं असेल तर असं कोरडं चालवू नका, मॅन्युअल बघा. मग प्लग काढून आत संरक्षक तेलाचा फवारा मारा, हाताने दोन-चार फेरे द्या. खालच्या गिअरचं ऑइल काढाल तेव्हा ते दुधाळ दिसलं तर सील गेलंय, पाणी शिरलंय. हे काम जूनमध्येच करून घ्या, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मेकॅनिकला श्वास घ्यायला वेळ नसतो. इंजिन उभं, घरात ठेवा. बॅटरीही घरीच, महिन्यातून एकदा चार्ज.

तळाची कवचं आणि शेवाळ मात्र होडी वर येताच, ओली असतानाच खरवडा. वाळली की छिन्नीला ऐकत नाहीत. इंजिनाचा धातू गंजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे निम्मे झिजले असतील तर बदला, त्यांच्यावर रंग लावू नका. तळाचा अँटिफाउलिंग रंग (कवचं-शेवाळ धरू न देणारा) आत्ता नको. बरेचसे असे रंग उघड्यावर राहून निकामी होतात, म्हणून होडी उतरवायच्या आदल्या आठवड्यात, चांगली उघडीप बघून लावा.

इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक ते कळवा. फोर-स्ट्रोक असेल तर ठेवण्याआधीच इंजिन ऑइलही बदलावं लागेल, आणि आडवं न्यायचं असल्यास कुठल्या कुशीवर, तेही ठरलेलं असतं.